तोफ आधी मोजा, नाव नंतर ठेवा: कोकण किनाऱ्यावरच्या अनोळखी तोफा आणि गोळे ओळखण्याची रीत

अलिबागहून ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत गेलात की चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा दिसतात. या कान्होजी आंग्र्यांच्या तोफा, असे सांगणारा कोणीतरी जवळपास भेटतोच. तिथे लोखंडात उठवलेले नाव मात्र इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर आयर्न वर्क्सचे आहे. हा कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला आणि कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले. म्हणजे त्या तोफा किल्ल्यावर कोणीही आणल्या असोत, कान्होजींनी नक्कीच आणलेल्या नाहीत.

तोफ ओळखताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. तोफ किल्ल्यावर आहे, किल्ला अमक्याचा, म्हणून तोफही अमक्याची, असे आपण धरून चालतो. कोकणात तर हे गणित हमखास चुकते, कारण तोफ जहाजाबरोबर फिरायची आणि जहाज पकडले की मालक बदलायचा. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी इंग्रज कंपनीचे डर्बी जहाज पकडले ते तोफांसकट. १७४० मध्ये रेवदंडा-कोरलई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग इंग्रज आरमाराने घेतला, आणि १८१८ नंतर तर सगळा किनाराच त्यांच्या हाती गेला. प्रत्येक वेळी जुन्या तोफा राहिल्या आणि त्यांत नव्यांची भर पडली. म्हणून आमची रीत उलटी आहे: आधी धातू, मग माप, मग आकार, आणि खुणा-अक्षरे सगळ्यात शेवटी. किल्ल्याचा इतिहास त्याच्याही नंतर.

हात लावण्याआधी

तोफेच्या तोंडात हात घालू नका. कोकणच्या जांभ्यात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, फुरसे भरपूर आहे आणि सावलीतले कोरडे भोक त्याला आवडते. गवतात पडलेल्या तोफेभोवती आधी काठीने आपटून घ्या, बूट घाला.

दुसरी गोष्ट बारची. जुनी तोफ भरलेली असू शकते. नळीच्या बुडाशी कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दोनशे वर्षांनीही पेट घेते. म्हणून नळीत लोखंडी सळई घालायची नाही, ठोकायचे नाही, आणि जवळ वेल्डिंग, ग्राइंडर किंवा शेकोटी नको. तपासायला सडपातळ बांबूची किंवा लाकडी काठी घ्या. आधी बाहेरून तोंडापासून कानापर्यंतचे अंतर मोजा. कान म्हणजे बुडाजवळचे बत्ती देण्याचे बारीक भोक. 'तोफांचे कान खिळे मारून बंद केले' असे जुन्या वर्णनांत येते, ते हेच. मग काठी जोर न लावता सरकू द्या. ती जवळजवळ तेवढीच आत गेली तर नळी रिकामी. बरीच आधी अडली तर आत काहीतरी आहे: माती, दगड, पर्यटकांच्या कृपेने पाण्याच्या बाटल्या, किंवा खरोखरच दारू आणि गोळा. काय आहे ते शोधायला जाऊ नका. 'नळी अडलेली' एवढीच नोंद करा आणि कळवा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गोळ्यांची. भरीव लोखंडी गोळा निरुपद्रवी असतो, पण कुलपी गोळा, म्हणजे आतून पोकळ आणि दारूने भरलेला, बाहेरून बराचसा तसाच दिसतो. खालीलपैकी एकही लक्षण दिसले की तो उचलायचा, हलवायचा, धुवायचा किंवा मोजायचा नाही: पृष्ठभागावर भोक किंवा त्यात बसवलेला लाकडाचा वा पितळेचा बूच, आटे, लांबट, टोकदार आकार, तांब्या-पितळेची कडी, मागे पंख, अंगावर रंगाचे पट्टे. फोटो लांबून काढा, जागा लक्षात ठेवा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ वर फोन करा. पोलीस बॉम्ब शोधक व नाशक पथक बोलावतात. मोबाइल त्या वस्तूच्या शेजारी उभे राहून वापरू नका, आधी दूर या. कोळी बांधवांच्या जाळ्यात असे काही आले तर ते होडीत घेऊ नये आणि किनाऱ्यावर तर मुळीच आणू नये. भारतीय तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर जागा कळवावी. पुळणीवर वाहून येणारी बंद नळकांडीही अशीच वागवा. त्यांतली काही समुद्रात खूण करण्यासाठी टाकलेली असतात आणि त्यांत फॉस्फरस असू शकतो. हवा लागली की तो आपोआप पेटतो.

सामान

शिंप्याची कापडी टेप, पाच मीटरची पोलादी टेप, काठीला दोऱ्याने बांधलेले चांगले चुंबक, दोन मीटरची बांबूची काठी, दोन सरळ लाकडी पट्ट्या, बॅटरी, पातळ कागद, मऊ पेन्सिल, मऊ ब्रश आणि वही. वर्नियर असेल तर उत्तम. तारेचा ब्रश, छिन्नी, गंज काढायचे द्रव, तेल, खडू यातले काहीच घेऊ नका. खडूने अक्षरे भरली की फोटोत ती छान दिसतात, पण जे नाही तेही आपण खडूने लिहून बसतो.

सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, आणि पावसानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते. काम करायला डिसेंबर ते मार्च बरे. अक्षरे वाचायला सकाळचे पहिले किंवा संध्याकाळचे शेवटचे तिरपे ऊन हवे. भर दुपारी तोफेवर काही दिसत नाही.

धातू: चुंबकाचे काम

चुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंड. न चिकटता अंगावर हिरवट पापुद्रा असेल तर कांसे. जंजिऱ्यावरच्या कलालबांगडी तोफेबद्दल पर्यटकांना हमखास सांगितले जाते की ती पंचधातूची आहे आणि उन्हात तापत नाही. असे कुठल्याही तोफेबद्दल ऐकले की मान हलवण्याआधी चुंबक काढा. वाद दहा सेकंदांत मिटतो. बाहेरून चिकटला नाही तर काठीला बांधलेला चुंबक तोंडाच्या आतल्या कडेलाही लावून पाहा. आत लोखंड आणि बाहेर कांसे अशा मिश्र तोफा हिंदुस्थानात बनत असत. तशी निघाली तर ती फार मोलाची नोंद आहे.

लोखंड असेल तर ते ओतीव की घडीव हा पुढचा प्रश्न. ओतीव तोफेचा गंज खड्ड्याखड्ड्यांचा असतो, पृष्ठभाग सलग असतो आणि कधीकधी दोन्ही बाजूंनी साच्याच्या सांध्याची बारीक रेघ लांबीत धावते. घडीव तोफ वेगळीच दिसते: लांब पट्ट्या एकमेकींना लावून त्यांवर तापवलेल्या बांगड्या चढवलेल्या. बांगड्या जवळजवळ आणि थोड्या असमान असतात, दोन बांगड्यांमध्ये फट दिसते, आणि गंज लाकडाच्या रेषांसारखा धाग्याधाग्यांनी सुटतो. युरोपातल्या कारखान्यांनी अठराव्या शतकात मोठ्या तोफा अशा बनवल्या नाहीत. म्हणून घडीव बांगड्यांची मोठी तोफ दिसली तर ती देशी किंवा बरीच जुनी, इतके म्हणायला हरकत नाही. ओतीव तोफेवरही शोभेच्या कड्या असतात, त्यांना बांगड्या समजू नका. शोभेची कडी तोफेच्या अंगातूनच उठलेली असते, तिच्याखाली सांधा नसतो.

खाऱ्या पाण्यात राहिलेले ओतीव लोखंड एक खोड काढते. लोह विरघळून जाते आणि ग्राफाइटचा मऊ सांगाडा मागे राहतो. आकार तोच, पण नखाने ओरखडा पडतो आणि बोट काळे होते. अशा तोफेवर ब्रश घासला तर अक्षरे ब्रशबरोबर निघून जातात. बोट काळे झाले की ब्रश पिशवीत ठेवा आणि फक्त फोटोवर भागवा.

मापे

एका तोफेची किमान सात मापे लागतात.

लांबी दोन प्रकारे घ्यायची. पहिली, तोंडाच्या कडेपासून बुडाच्या मोठ्या कडीच्या मागच्या कडेपर्यंत; मागची बोंडी (बुडामागे निघालेली गोल मूठ) यात धरायची नाही, कारण जुन्या इंग्रजी नोंदींतली 'तोफेची लांबी' म्हणजे हीच. दुसरी, बोंडीसकट. बहुतेक हौशी नोंदींत दुसरीच मोजतात आणि मग ती कोणत्याच तक्त्याशी जुळत नाही.

मग परीघ: बुडाच्या कडीजवळ, खुंटांच्या (तोफेच्या दोन्ही अंगांनी निघालेल्या दांड्यांच्या) पुढे आणि तोंडाच्या मागे जिथे नळी सगळ्यात बारीक आहे तिथे. कापडी टेप गुंडाळा आणि ३.१४ ने भागा. तोफ जमिनीत रुतली असेल तर दोन लाकडी पट्ट्या दोन्ही बाजूंना उभ्या धरून त्यांच्यामधले अंतर घ्या. उकरू नका.

सहावे माप खुंटांचे. तोफेच्या दोन्ही अंगांनी निघालेले हे दंडगोल गाड्यावर टेकतात. त्यांचा व्यास आणि लांबी घ्या, आणि ते नळीच्या मध्यरेषेवर आहेत की खाली ते पाहा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या बऱ्याच युरोपीय तोफांचे खुंट मध्यरेषेच्या खाली असतात. एक किंवा दोन्ही खुंट मुद्दाम फोडलेले असतील तर तोफ निकामी करून टाकली होती, हे समजून घ्या.

सातवे आणि सगळ्यात कामाचे माप नळीच्या भोकाच्या व्यासाचे. तोंडाशी गंजाने भोक मोठे झालेले असते आणि आत गंजाचा थर साचून लहान. म्हणून तोंडापासून साधारण १० सेंमी आत, उभा, आडवा आणि तिरपा असे तीन व्यास घ्या. आत कोणी बसलेले नाही हे आधी बॅटरीने पाहा. तिन्हींत ४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सरासरी काढून उपयोग नाही; गंजाचा फुगवटा नसलेल्या बाजूचे माप धरा.

भोकावरून तोफेची जात

इंग्रजी तोफ ती फेकत असलेल्या भरीव लोखंडी गोळ्याच्या वजनावरून ओळखली जायची: नऊ पौंडी, बारा पौंडी, अशी. भोक गोळ्यापेक्षा थोडे मोठे असते, कारण गोळा सहज आत सरकला पाहिजे. अठराव्या शतकाच्या इंग्रजी तोफांची साधारण मापे अशी, पौंड आणि त्यापुढे भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये:

३ पौंडी: ७४
४ पौंडी: ८२
६ पौंडी: ९३
९ पौंडी: १०७
१२ पौंडी: ११८
१८ पौंडी: १३४
२४ पौंडी: १४८
३२ पौंडी: १६३

तुमचे माप यांतल्या एखाद्याच्या २-३ मिमी आसपास आले तर इंग्रजी असण्याचा संभव वाढतो, इतकेच. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा मोठा, सुमारे ४८९.५ ग्रॅमचा. त्यामुळे फ्रेंच बारा पौंडीचे भोक १२१ मिमीच्या आसपास जाते. झिजलेली इंग्रजी बारा पौंडी आणि शाबूत फ्रेंच बारा पौंडी या फक्त भोकावरून वेगळ्या सांगता येत नाहीत, तिथे आकार आणि खुणा लागतात. डच आम्स्टरडॅम पौंडही मोठा, सुमारे ४९४ ग्रॅम. आणि भोक या यादीत कुठेच बसत नसेल तर निराश होऊ नका. देशी तोफा कोणाच्या तक्त्याला विचारून ओतलेल्या नव्हत्या.

आता लांबीला भोकाच्या व्यासाने भागा. भागाकार १५ ते २५ आला तर लांब पल्ल्याची नेहमीची तोफ. ७-८ च्या आसपास आला तर तुमच्यासमोर काहीतरी वेगळे आहे (पुढे कॅरोनेड पाहा). ३-४ पेक्षाही कमी असेल आणि भोक मोठे असेल तर उखळी तोफ, जी गोळा वर उडवून तटाच्या आत टाकते.

वजनाचा पडताळा

इंग्रजी तोफांवर बहुधा वजन कोरलेले असते, तीन आकड्यांत: हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, एक क्वार्टर म्हणजे २८. समजा २४-२-१४ असे दिसले. २४ गुणिले ११२ म्हणजे २६८८, अधिक ५६, अधिक १४. एकूण २७५८ पौंड, म्हणजे सुमारे १२५१ किलो. यातच चुका पकडायची सोय आहे: मधला आकडा ० ते ३ च्या बाहेर जाऊच शकत नाही आणि शेवटचा ० ते २७ च्या. मधे ५ वाचला असेल तर तो ५ नाही, गंजातला ३ किंवा २ असेल. हे तीन आकडे वर्ष समजून '१२२४ साली बनलेली तोफ' असे लिहिणारेही असतात.

कोरलेले वजन आणि तुमची मापे जुळतात का ते पाहा. लांबी २.१३ मीटर, बुडाशी व्यास ३८ सेंमी, तोंडाकडे २५ सेंमी आणि भोक १०.७ सेंमी अशी तोफ घ्या. निमुळत्या दंडाचे घनफळ म्हणजे लांबी गुणिले १.०४७, गुणिले दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांची बेरीज. ते आले सुमारे ०.१६८ घनमीटर. नळीची पोकळी वजा केली की उरतात ०.१५०. ओतीव लोखंड घनमीटरला ७२०० किलो भरते, म्हणजे १०८० किलो. खुंट, बोंडी आणि कड्यांचे दहा टक्के धरले की ११९० च्या आसपास. कोरीव १२५१ च्या हे पुरेसे जवळ आहे. आकडे बरोबर वाचलेत. दीडपट फरक आला तर एकतर वाचन चुकले, किंवा आकडे इंग्रजी पद्धतीचे नाहीत. फ्रेंच तोफांवर वजनाआधी इंग्रजी 'पी' सारखे अक्षर येते आणि पुढे फ्रेंच पौंडांतला एकच आकडा. डच तोफांवरही वजन एकाच आकड्यात असते.

बोंडी, कडी आणि खुंटांची डोकी

मागच्या बोंडीच्या वर दोर ओवायला ओतीव कडी आहे का ते पाहा. असेल तर ती ब्लूमफील्ड नमुन्याची इंग्रजी तोफ असण्याची दाट शक्यता, म्हणजे अठराव्या शतकाची शेवटची वर्षे किंवा त्यानंतरची. कडी नसून अंगावर कड्या-गोलाव्यांची रेलचेल असेल तर त्याआधीचा नमुना.

खुंटांची सपाट डोकी नीट पाहा. इथे ओतणाऱ्याची सही असते. स्कॉटलंडच्या कॅरन कंपनीच्या तोफांवर कंपनीचे नाव, क्रमांक आणि बऱ्याचदा वर्षही असते. ही कंपनी १७५९ ची, म्हणून त्याआधीच्या कोणत्याही लढाईशी अशी तोफ जोडू नका. एकाच खुंटावर 'एफ' असेल तर ती स्वीडनमधल्या फिनस्पाँगची असू शकते. पण स्वीडनचे लोखंड अर्ध्या युरोपाने विकत घेतले होते. तोफ स्वीडनची याचा अर्थ स्वीडिश कोकणात आले असा होत नाही, ती डच किंवा आणखी कोणाच्या जहाजावरून आली असेल.

अंगावरच्या खुणा

मुकुटाखाली गुंफलेली 'जी' आणि 'आर' ही अक्षरे म्हणजे जॉर्ज राजा. आतला आकडा २ असेल तर १७२७ ते १७६०, ३ असेल तर १७६० ते १८२०. मुकुट आणि गुलाब असेल तर त्याहून जुनी इंग्रजी. रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. बदामाच्या आकारात चार भाग करून त्यांत अक्षरे असतील तर ती ईस्ट इंडिया कंपनीची; त्यांतले 'व्ही' हे अक्षर 'यू' म्हणून वाचायचे, कारण १७०९ मध्ये दोन कंपन्या एक होऊन 'युनायटेड' हा शब्द जोडला गेला. मोठ्या 'व्ही' च्या दोन पायांवर 'ओ' आणि 'सी' बसवलेले असतील तर डच कंपनी, १६०२ ते १७९९. त्यावर 'ए' म्हणजे आम्स्टरडॅम शाखा. कांस्य तोफेवर पाच छोट्या ढाली किंवा कड्यांचा खगोल दिसला तर पोर्तुगीज.

देशी तोफांवर फारसी, देवनागरी किंवा मोडी लेख असतो. आकडा सापडला की आधी तो कोणत्या गणनेतला ते ठरवा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेवरचा हिजरी ९५६ म्हणजे १५४९. शके असेल तर ७८ मिळवा, शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, राज्याभिषेक शक असेल तर १६७४ पासून मोजा. हिजरीला शके समजले तर काही शतकांचा घोळ होतो, आणि तो फलकावर रंगवला की पुसत नाही.

वाचता न येणाऱ्या जागेवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. ग्राफाइट झालेल्या तोफेवर हेही नको. तिथे बॅटरी कडेला आडवी धरून चार दिशांनी चार फोटो काढा. डोळ्यांना न दिसलेले अक्षर त्यांतल्या एखाद्यात उठते.

नेहमीच्या चौकटीत न बसणारे नमुने

आखूड, जाड, खुंटांऐवजी पोटाखाली एकच भोक असलेली कडी: ही कॅरोनेड. कॅरन कंपनीनेच १७७० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली, जहाजावर जवळून मारा करायला. लोक तिला तुटलेली तोफ समजतात कारण खुंट दिसत नाहीत.

हातभर-दोन हात लांब, खुंटांभोवती दुबेळक्यासारखा लोखंडी आकडा आणि मागे लांब दांडी: ही तटाच्या कठड्यावर किंवा होडीच्या काठावर फिरवून मारायची छोटी तोफ. जंबुऱ्याच्या जातीतली.

मागचा भाग उघड्या पन्हाळीसारखा कापलेला असेल तर फारच पाहण्याजोगी वस्तू सापडली. पोर्तुगीज तिला बेर्सु म्हणत. दारू भरलेली, मगासारखी मूठ असलेली वेगळी कोठी या पन्हाळीत बसवून पाचरीने आवळायची, बार झाला की दुसरी बसवायची. अशी सुटी कोठी एकटीच सापडली की तिला जत्रेतली उखळी समजतात. दोन्ही छोट्या आणि जाड असतात, पण जत्रेची उखळी बुडावर उभी राहते. कोठीचे तोंड पुढे निमुळते असते, कारण ते नळीत बसायचे असते, आणि अंगाला उचलायची मूठ असते. देवळात वापरात असलेली उखळीही बार झालेला नसेल तर भरलेलीच धरा.

नळीच्या आत बॅटरी मारल्यावर पेचदार खाचा दिसल्या तर तोफ १८६० च्या दशकाच्या आसपासची किंवा नंतरची. अशा तोफेचे गोळे लांबट आणि स्फोटक असतात. तेव्हा आसपासच्या जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहा.

गोळे

पूर्ण गोल, सगळीकडून दिसणारा, एकही भोक नसलेला गोळाच हातात घ्यायचा, आणि तोही पुरातत्त्व खात्याच्या माणसाने किंवा पथकाने पाहिल्यावर. परीघ मोजून ३.१४ ने भागा. इंग्रजी गोळ्यांचे व्यास साधारण असे: ६ पौंडी ८९ मिमी, ९ पौंडी १०२, १२ पौंडी ११२, १८ पौंडी १२८, २४ पौंडी १४१. व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा घन करा (व्यास गुणिले व्यास गुणिले व्यास) आणि ०.००३७७ ने गुणा. भरीव ओतीव लोखंडाचे किलोतले वजन मिळते. प्रत्यक्ष वजन त्याच्या दोन-तृतीयांश भरले तर दोनच अर्थ: गोळा पोकळ आहे, किंवा समुद्राने लोह खाल्ले आहे. कोणता ते घरी ठरवायचे नाही.

खोट्या गोळ्यांची यादीही मोठी आहे. खाण आणि सिमेंटच्या चक्क्यांमधले दळणाचे पोलादी गोळे अगदी तोफगोळ्यासारखे दिसतात, पण त्यांवर साच्याची रेघ किंवा ओतण्याच्या तोंडाची खूण बहुधा नसते. पुरुषांच्या स्पर्धेतला ७.२६ किलोचा गोळाफेकीचा गोळा बरोबर १६ पौंडांचा असतो, आणि इंग्रजी तोफांच्या वरच्या यादीत १६ पौंडी जात नाही. दगडी गोळा असेल तर दगड पाहा: तो जांभा असेल तर मारा करायला फारच ठिसूळ.

समुद्रातून नुकताच बाहेर काढलेला लोखंडी गोळा हवेत सुकू लागला की तापतो आणि तडकतोही. वर सांगितलेली धोक्याची चिन्हे नसतील तर तो तसाच खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवा आणि खात्याला कळवा. वरचा दगडी थर हातोडीने फोडू नका. त्याच थराने आतला आकार धरून ठेवलेला असतो.

नोंद आणि कळवणे

एका तोफेला एक पान: किल्ला, बुरूज, जीपीएस, तोंड कोणत्या दिशेला, धातू, सात मापे, खुणांचे फोटो, पट्टी धरून काढलेले चारही बाजूंचे फोटो. वाचन आणि अंदाज वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. 'खुंटावर एफ' हे वाचन, 'फिनस्पाँग' हा अंदाज. पुढच्या माणसाला अंदाज खोडता यायला हवा, वाचन नाही.

जंजिरा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, कोकणाचे काम मुंबई मंडळाकडे चालते. राज्य संरक्षित किल्ल्यांसाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. शेतात किंवा घराच्या पायात तोफ वा गोळे निघाले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. तोफ उचलून गावच्या चौकात सिमेंटच्या ओट्यावर बसवण्याचा उत्साह समजू शकतो, पण जागा हलली की अर्धी माहिती तिथेच संपते; आणि सिमेंटमध्ये रुतलेल्या खुंटावरचे अक्षर मग कोणीच वाचू शकत नाही. चंदेरी ऑइलपेंटचेही तसेच. रंगाखाली पाणी अडते, गंज आतून चालू राहतो, आणि दोन पावसाळ्यांनी रंगाचा पापुद्रा निघतो तो कोरलेले आकडे घेऊनच.